बहिरीचा हंगाम

कुंदाच्या घरात शिव्यांना फारशी बंदी नव्हती. तिचा नवरा उपेंद्र दुबईच्या शेख झायेद रोडवर गाडी चालवताना जे बोलायचा, ते कुणी लिहून काढलं असतं तर लिहिणाऱ्यालाच दंड झाला असता. पण एक शब्द मात्र उंबऱ्याच्या आत यायचा नाही, असा तिचा कडक कायदा होता. तो शब्द म्हणजे 'बहिरी'.

त्यांच्या अस्मीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना ऑपरेशन झालं आणि आता, अकराव्या वर्षी, तिच्या दोन्ही कानांमागे दोन निळी मशिनं असायची. घरात त्यांना 'कान'च म्हणत. "अस्मी, कान घाल, जेवायला ये." "कान चार्जिंगला लावलेस का?" कान घातले की पोरगी पलीकडच्या खोलीतलं बोलणं पकडायची. काढले की शेजारी फटाक्यांची माळ लावली तरी ढिम्म. मग ती समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून असायची, आणि ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सासूबाई एकदा फोनवर, अगदी मायेने, म्हणाल्या होत्या, "बहिरी पोर ती, तिच्यावर चिडू नकोस गं." कुंदाने गणपती येईपर्यंत त्यांचा फोन उचलला नाही. मीना बाजारात एका दुकानदाराने हिंदीत विचारलं, "बच्ची बहरी है क्या?" तर कापलेलं कापड गल्ल्यावर तसंच टाकून ही बाहेर. आपण जरा जास्तच करतो हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या शब्दात तिला एक दार धाडकन बंद झाल्यासारखं वाटायचं आणि पोरगी त्या दाराच्या पलीकडे राहिलीय असं वाटायचं. म्हणून तिने तो शब्दच हद्दपार केला होता.

जानेवारीतला शनिवार होता. हवा अशी छान की दुबईत राहणाऱ्यांना उन्हाळ्यातली सगळी तलखी माफ करावीशी वाटावी. कुंदा जबल अलीच्या एका मालवाहतूक कंपनीत काम करायची. तिथला तिचा सहकारी विन्स्टन, मूळचा वसईचा, दर हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायचा. त्याने लहबाबच्या पलीकडची एक जागा सुचवली होती आणि वर व्हिडिओ कॉल करून तिघांनाही समोर बसवून दम भरला होता.

"ऐका, आत्ता सीझन आहे. शिकार तिकडे तारेच्या कुंपणाच्या आत, परवानावाल्यांची. पण बाहेर सगळे लोकल लोक आपापले ससाणे उडवायला येतात. ते गाड्या पळवतात आणि बघतात आकाशात, समोर नाही. म्हणून टेकाडाच्या मागे बसायचं नाही. दिसेल असं बसायचं. माझा झेंडा देतो, तो गाडीला उंच लावायचा. बी सीन, मॅन. दिसत राहा."

उपेंद्रने झेंडा घेतला, आभार मानले आणि डिकीत टाकला. "आपण काय तिथे रेसला चाललोय का?" असं त्याचं म्हणणं. आणि तिथे पोचल्यावर वारा असा काही सुटला होता की शेगडी पेटेना. मग त्याने शहाण्यासारखं एक उंच तांबडं टेकाड पाहिलं आणि नेमकी त्याच्या मागच्या खोलगट जागेत गाडी लावली. वारा अडला, निखारे फुलले, कणसं भाजायला लागली. टेकाडाच्या पलीकडे काय आहे हे कुणी वर चढून पाहिलंसुद्धा नाही. तिथे दूरवर सपाट मैदान होतं आणि त्या मैदानात पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या होत्या.

जवळच एक एकटं झाड होतं. "हे गाफ म्हणजे आपली शमीच हं," उपेंद्र सांगत होता. "दसऱ्याला आपण—"

"बाबा, यू टोल्ड मी लास्ट टाइम," अस्मी म्हणाली.

वाऱ्यात तिची मशिनं नुसती घोंघावतात, आणि वाळू गेली तर दुरुस्तीला चार आठवडे. त्यामुळे तिने कान काढून डबीत घातले आणि डबी गाडीत ठेवली. मग तंबूची एक दोरी घेतली, आपली तपकिरी-पांढरी केसाळ टोपी तिच्या टोकाला बांधली आणि गरगर फिरवत बसली. तिचा हा जुना खेळ होता. दोरीचा ताण मनगटात, खांद्यात जाणवतो तो तिला फार आवडायचा.

तेवढ्यात टेकाडाच्या कडेने एक बाई चालत आली. चाळिशीच्या आसपासची, काळा अबाया, त्याखाली चांगले दणकट बूट, आणि डाव्या हातात कोपरापर्यंत येणारा जाडजूड चामडी हातमोजा. एकाच हातात हातमोजा का, असा प्रश्न कुंदाला पडायला हवा होता. पडला नाही.

"सलाम. हम यम्ना," बाई म्हणाली. तिचं हिंदी इथल्या लोकांचं असतं तसं होतं, भराभर आणि व्याकरणाला न जुमानणारं. तिने अस्मीकडे बोट केलं. "ये तुम्हारा बच्ची?"

"हां," कुंदा म्हणाली.

"सुनो. बहरी है. नया है. अभी बात नहीं समझता, किसी का नहीं सुनता. बच्ची को गाड़ी में रखो."

कुंदाच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "क्या बोला?"

"बहरी," बाईने पुन्हा, सावकाश, जणू कुंदालाच कमी ऐकू येत असावं अशा आवाजात सांगितलं. मग तिने उजवा हात कानाजवळ नेला, बोट गोल गोल फिरवलं आणि मान जोरात हलवली. "और ये नहीं. ये बिल्कुल नहीं. अच्छा नहीं है. गाड़ी में रखो, एक घंटा. ठीक?"

कानाजवळ बोट गोल फिरवणं म्हणजे काय, हे कुंदाला शाळेपासून माहीत होतं. डोकं फिरलंय, वेडी आहे. म्हणजे पोरगी आधी बहिरी, मग बेअक्कल, आणि आता वेडीसुद्धा! आणि तिला गाडीत कोंडून ठेवायची, का, तर यांच्या डोळ्यांना नको!

"मेरी बच्ची कहीं नहीं जाएगी," ती म्हणाली. "रेगिस्तान आपके अकेले का है क्या? आप जाओ."

यम्ना गोंधळली. तिने उपेंद्रकडे पाहिलं. तो चिमटा हातात घेऊन कणसामागे लपल्यासारखा उभा होता. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, गाडीचा हॉर्न वाजला. "बहरी है, उख्ती, मेरी बहन," ती जाता जाता वळून म्हणाली, अगदी विनवणीच्या सुरात. "हम बोला, हां? हम बोला." आणि टेकाडाला वळसा घालून दिसेनाशी झाली.

"काय म्हणत होती?" उपेंद्रने विचारलं. त्याचं हिंदी वीस वर्षांत गल्ल्यापलीकडे गेलं नव्हतं.

"काही नाही. नेहमीचंच."

अस्मी दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. तिने दोरी खाली ठेवली होती. "व्हॉट डिड शी से?"

आणि इथे कुंदाने ती चूक केली. खरं म्हणजे त्या बाईचे शब्द जसेच्या तसे पोरीला सांगितले असते तरी पुढचं सगळं टळलं असतं, कारण अस्मी भाबडी नव्हती, तिने लगेच विचारलं असतं की कोण नवीन, कोण समजत नाही? पण ते शब्द सांगायचे तर तो एक शब्द सांगावा लागणार. कुंदा हसली, तोंड नीट उघडून, पोरीला वाचता येईल असं म्हणाली, "ती म्हणाली, इथे खूप छान आहे. जा, वर जाऊन खेळ. मस्त खेळ." आणि रागारागाने मनात म्हणाली, बघू दे तिला. बघू दे सगळ्यांना.

अस्मी दोरी घेऊन टेकाड चढू लागली. माथ्याच्या जरा खाली, जिथे वाळू घट्ट होती, तिथे ती थांबली आणि टोपी डोक्यावरून गोल फिरवायला लागली. पिवळं जॅकेट, तांबडी वाळू, वर निळंशार आकाश. कुंदाने फोन काढून तिचा फोटो घेतला आणि तिचा राग अर्धा उतरला.

राग उतरला म्हणून तिला दिसलं. आकाशात फार उंचावर एक ठिपका होता. विमान नव्हे, कारण तो मोठी संथ वर्तुळं घेत होता. घार असेल असं तिला वाटलं. पण घारीला एवढी घाई नसते. हे जे काही होतं ते चढतच होतं, आणि त्याच्या चढण्यात असा काही रुबाब होता की कुंदा शेगडी, कणसं, ती बाई सगळं विसरून मान मागे टाकून बघत राहिली. मानेला रग लागली तरी नजर काढवेना.

मग टेकाडाच्या लांबच्या टोकावर यम्ना दिसली. ती अबाया गुडघ्यापर्यंत धरून पळत होती आणि हातमोजा हवेत नाचवत ओरडत होती. "बहरी! बहरी! नीचे फेंको! बहरी!"

"परत!" कुंदा म्हणाली. आता मात्र हिचं काही खरं नाही असं ठरवून ती बाह्या सारायला लागली. तेवढ्यात वरचा ठिपका उलटा झाला.

त्याने पंख मिटले. बस, एवढंच तिला दिसलं. पुढे जे झालं त्याला पडणं म्हणावं तर पडणाऱ्या गोष्टीला आपण कुठे चाललोय हे माहीत नसतं. याला माहीत होतं. आकाशातून एक काळा थेंब सुटला तो सरळ तिच्या मुलीच्या दिशेने, आणि मोठा होत गेला, आणि आवाज नंतर आला. नवी चादर टर्रकन फाडावी तसा. त्या आवाजाने कुंदाच्या अंगावर शहारा आला, आणि तिला भीती वाटायच्या आधी, ही गोष्ट तिने पुढे कुणालाच नीट सांगितली नाही, पण भीतीच्या आधी तिला वाटलं की किती सुंदर आहे हे. मग ती किंचाळली.

अस्मीला काहीच ऐकू आलं नाही. वाळूवर सावली आली आणि तिने वर पाहिलं, तोच हाताला हिसका बसला. दोरी बोटांतून सणकन निघून गेली. टोपी हवेतल्या हवेत धरून पक्षी वाऱ्यावर वळला, पुन्हा तोल सावरला आणि तिच्यापासून चार पावलांवर वाळूत उतरला. उतरला आणि टोपीवर दोन्ही पंख पसरून उभा राहिला, कुणी घेऊ नये म्हणून झाकून.

अस्मी हलली नाही. कुंदाला खालून तिचा चेहरा दिसत होता. तो घाबरलेला नव्हता. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा माणसं जशी बघतात तशी ती बघत होती. पक्ष्याची पाठ निळसर करडी, छातीवर बारीक पट्टे, डोळ्यांखाली काळ्या मिशा. आणि डोळे मोठे, काळे, ओले. त्यांत अस्मीचं पिवळं जॅकेट दिसत असणार. दोघंही एकमेकांना बघत होते आणि दोघांनाही दुसरं काही काम नव्हतं.

तेव्हा कुंदाला इंजिन ऐकू आलं.

टेकाडाच्या पलीकडून गाडी चढत होती, पूर्ण जोरात. चढावर वाळूत थांबता येत नाही, वेग कमी केला तर चाकं रुततात, त्यामुळे ते लोक एका दमात माथ्यावर येतात आणि माथा ओलांडेपर्यंत त्यांना पलीकडचं काही दिसत नाही. विन्स्टनने हे सगळं सांगितलं होतं. ते आता एकदम आठवलं, आणि आठवून उपयोग नव्हता. चालकाचे डोळे हरवलेल्या पक्ष्यासाठी आकाशात असणार. आणि माथ्याच्या खाली, बरोबर त्याच्या वाटेत, गाडीकडे पाठ करून तिची पोरगी.

"अस्मी! खाली ये! खाली पळ!" कुंदा ओरडली आणि वर धावली. वाळू तिला धावू देईना. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं मागे सरकत होतं. उपेंद्रही चिमट्यासकट धावत होता. "खाली! खाली ये गं!" आवाज फुटला, घसा सोलवटला. तिला माहीत होतं की पोरीचे कान गाडीत डबीत आहेत. तरी ती ओरडत होती, कारण आईजवळ तेवढंच असतं.

वर पक्ष्याने मान वळवली. झटक्यात, माथ्याकडे. अस्मी त्याच्या तोंडाकडे बघत होती, कारण तोंडाकडे बघत राहणं हीच तर तिची आयुष्यभराची सवय. तो कुठे बघतोय हे तिने पाहिलं. माथ्यावरून वाळूचे बारीक ओघळ सुटून खाली येत होते. तेही तिने पाहिले. आणि मग तिने जे केलं ते पाहून कुंदाचं काळीजच थांबलं. पोरगी खाली आली नाही. ती वर धावली, सरळ माथ्यावर, आणि दोन्ही हात उंच करून उभी राहिली.

गाडीचं तोंड माथ्यावर आलं. वाळूचा मोठा पडदा उडाला, त्यात पिवळं जॅकेट गेलं, आणि कुंदा गुडघ्यांवर पडली. तिने डोळे मिटले. ते उघडायचं धाडस तिला होईना.

आवाज बंद झाला होता. पहिल्यांदा तिला उपेंद्रचा हुंदका ऐकू आला. तिने पाहिलं. गाडी माथ्यावरच तिरकी होऊन थांबली होती, पुढचं एक चाक हवेत फिरत होतं. त्या चाकाच्या बाजूला, हात पसरला तर बंपरला लागेल एवढ्या अंतरावर, अस्मी उभी होती आणि तोंडातली वाळू थुंकत होती. चालक, एक दाढीवाला तरुण, दार उघडून खाली उतरला आणि दोन पावलं चालून मटकन वाळूत बसला. त्याचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेत असावा.

पक्षी जागचा हलला नव्हता. तो टोपीचा गोंडा निवांत उपटत होता.

कुंदा वर पोचली तेव्हा तिने पोरीला असं काही धरलं की पोरीला श्वास घेता येईना. उपेंद्रने दोघींना धरलं. मग यम्ना आली, धापा टाकत, चेहरा पांढराफटक. तिने आधी अस्मीचं डोकं, खांदे, हात चाचपले आणि मग कुंदावर तुटून पडली.

"हम बोला ना! दो बार बोला! बहरी है, नया बहरी है, अभी सीखा नहीं! बच्ची को गाड़ी में रखो! और ये नहीं!" तिने पुन्हा कानाजवळ हात नेला आणि गोल फिरवला, मग वाळूतल्या दोरीकडे बोट करून ती टोपीसकट फिरवल्याचा अभिनय केला. "ये! ये घुमाना नहीं! हम लोग रस्सी को पंख बाँध के घुमाता है तो बहरी आता है. उसको क्या मालूम किसका टोपी है?"

कुंदा तोंड उघडं टाकून त्या बोटाकडे बघत राहिली. मग पक्ष्याकडे. "ये... ये बहरी है?"

"तो और कौन?" यम्ना म्हणाली. "शाहीन. शाहीन बहरी. बहर माने समंदर. ये समंदर के ऊपर से आता है, इतना दूर से, ठंडी में. इसलिए बहरी."

समुद्रावरून आलेला. कुंदा वाळूत बसली, त्या चालकाच्या शेजारीच.

"बहिरी ससाणा!" उपेंद्र हळूच म्हणाला. "अगं, आपल्याकडे पुस्तकात असायचा. मला आपलं इतकी वर्षं वाटायचं, त्या पक्ष्याला ऐकू येत नाही." आणि बायकोचा चेहरा पाहून तो गप्प झाला. वीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी त्याला न सांगता कळायच्या, त्यातली ही एक.

यम्नाचा राग जसा आला तसा उतरला. तिने पिशवीतून मांसाचा तुकडा काढला, हातमोज्यात धरला, वाळूवर गुडघे टेकून पक्ष्यापाशी सरकत गेली, तोंडाने बारीक आवाज करत. पक्ष्याने टोपी सोडली आणि तिच्या मुठीवर चढला. तिने त्याच्या डोक्यावर डोळे झाकणारी चामड्याची एवढीशी टोपी चढवली आणि तो एकदम शांत झाला. "अगली बार झंडा लगाओ. ऊपर बैठो, सब को दिखता ऐसा," ती म्हणाली. "पंछी तुम्हारे पास आ गया तो हाथ नहीं लगाना, भागना भी नहीं. हम ढूँढ के आएगा." मग तिने चालकाकडे, आपल्या भावाकडे, पाहून अरबीत जे काही म्हटलं त्याचं भाषांतर करायची कुणाला गरज वाटली नाही. तो मान खाली घालून ऐकत होता.

"लेकिन लड़की होशियार है," यम्ना कुंदाला म्हणाली. "ऊपर भागी. हमारे भाई ने उसका हाथ देखा, तो घुमाया. नीचे भागती, तो..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "खलास."

खाली ये, खाली पळ. हेच तर कुंदा ओरडत होती, सगळा जीव गोळा करून. पोरीने ऐकलं असतं तर. तिला ऐकू आलं असतं तर. या विचाराच्या पुढे तिला जाता येईना. ज्या गोष्टीसाठी अकरा वर्षं तिने देवाशी भांडण मांडलं होतं, त्या गोष्टीने आज तिची लेक तिच्याच हाकेपासून वाचवली होती. याचं काय करायचं हे तिला कळेना. ती नुसती पोरीचं जॅकेट झटकत राहिली, वाळू कधीच पडून गेली होती तरी.

"वर का गेलीस?" तिने अस्मीला विचारलं, ओठ नीट हलवून.

"दे कुड्न्ट सी मी," अस्मी म्हणाली. तिला हे इतकं उघड वाटत होतं की आईने का विचारावं हेच समजेना. "सो आय वेंट व्हेअर दे कुड. विन्स्टन अंकल सेड, ना? दिसत राहा." ती 'दिसत राहा' मराठीतच म्हणाली.

यम्नाने पक्षी क्षणभर भावाच्या हातमोज्यावर दिला आणि आपला हातमोजा काढून अस्मीच्या हातात चढवला. तो तिला खांद्यापर्यंत आला. मग डोळे झाकलेला पक्षी अलगद तिच्या मुठीवर ठेवला आणि खालून आपल्या हाताचा आधार दिला. पक्ष्याने पंख एकदा उघडले, मिटले. ऊन कलतं झालं होतं, त्याच्या पाठीवरचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. एवढ्या उंचीवरून, एवढ्या वेगाने आलेलं ते सगळं प्रचंड काहीतरी आता एका पोरीच्या मुठीवर बसून होतं, आणि तीन-चार भाजलेल्या कणसांहून जड नव्हतं. कुंदाने आपोआप हात जोडले. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"आई," अस्मी पक्ष्यावरून नजर न काढता म्हणाली. "शी केम टू टेल अस. बिफोर. राइट?"

कुंदाने तिच्यासमोर बसून तिची हनुवटी आपल्याकडे वळवली. खोटं बोलायचं तर आत्ता सहज जमलं असतं. "हो."

"देन व्हाय डिड्न्ट यू टेल मी?"

"तिने पक्ष्याचं नाव सांगितलं. मला वाटलं ती तुला काहीतरी म्हणतेय. मला राग आला." कुंदाचे डोळे भरून आले. "तो शब्द तुला कळू नये म्हणून मी तुला काहीच सांगितलं नाही. माझी चूक झाली, बाळा. फार मोठी चूक झाली."

अस्मीने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग हलकेच हसली. "आय नो द वर्ड. आजी सेज इट. मामा सेज इट. यू ऑलवेज मेक युअर माउथ स्मॉल अँड यू लुक ॲट मी अँड स्टॉप." तिने ओठ आवळून आईची नक्कल केली, इतकी हुबेहूब की उपेंद्रला रडता रडता हसू आलं. "आय नो इट सिन्स आय वॉज फाइव्ह."

कुंदाने तो शब्द दाराबाहेर ठेवला होता आणि पोरगी रोज खिडकीतून तो बघत होती.

अस्मीने यम्नाकडे पाहून मान हलवली, पक्षी तिच्या स्वाधीन केला आणि टेकाडावरून धावत खाली गेली. गाडीचं दार उघडलं, डबी काढली. दोन्ही निळे कान लावले, केस मागे सारले, मशिनं सुरू होईपर्यंत एक बोट वर धरून थांबली. मग तशीच धापा टाकत वर आली आणि आईच्या समोर मांडी घालून बसली.

"बट आय हॅव ओन्ली सीन इट," ती म्हणाली. "नोबडी सेज इट व्हेन माय कान आर ऑन. हाऊ डझ इट साउंड?"

वारा पडला होता. अकरा वर्षं अडवून धरलेला तो शब्द कुंदाने तोंड पूर्ण उघडून, कुणाकडे चोरून न बघता, मोकळ्या आवाजात उच्चारला.

"बहिरी."

अस्मीने मान एका बाजूला कलती करून तो ऐकला, नीट, शेवटपर्यंत.

"अगेन," ती म्हणाली.